जिम कॉर्बेटच्या रायफलवर दुर्बीण नव्हती, तरी नरभक्षकांवर नेम लागायचा, तो कशामुळे?

१९०७ साली कुमाऊंमधल्या चंपावतजवळ एक वाघीण मारली गेली. आधी नेपाळात आणि मग कुमाऊंत मिळून तिने ४३६ माणसं मारली होती, असा त्या वेळचा हिशोब होता.

ती मेल्यावर तिचं तोंड उघडून पाहिलं गेलं. उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला होता आणि खालचा तर पार हाडापर्यंत गेलेला होता. ही जखम बंदुकीच्या गोळीची होती.

म्हणजे काही वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्यावर बार काढला होता. नेम चुकला, गोळी जबड्याला लागली आणि वाघीण निसटली. त्यानंतर हरणं-सांबरं धरणं तिला जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली.

ही वाघीण मारणारा आणि तिचे दात तपासणारा माणूस म्हणजे जिम कॉर्बेट.

आज रायफलच्या शौकिनांमध्ये दोन विषयांवर वाद कधी संपत नाही. दुर्बीण कोणती लावायची आणि चाप किती हलका करून घ्यायचा. दोन्हीवर भरपूर पैसा खर्च होतो. पण ज्या माणसाचा एक नेम चुकला असता तर गावंच्या गावं पुन्हा दहशतीत गेली असती, त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध रायफलवर दुर्बीण नव्हतीच.

मग त्याचं भागायचं कसं? त्यासाठी त्याच्या हातात आलेल्या बंदुका एकेक करून बघाव्या लागतात.

फुटक्या नळीची बंदूक

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर होते. तो पाच वर्षांचा असताना वडील गेले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर आला. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत पायथ्याचं कालाढुंगी असं या कुटुंबाचं राहणं होतं. कालाढुंगीत घराबाहेर पाऊल टाकलं की जंगल सुरू व्हायचं.

सुरुवात गलोलीने झाली. मग कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका गृहस्थाने त्याला एक जुनी ठासणीची बंदूक दिली. बंदूक दुनळी होती, पण उजवी नळी फाटलेली. दस्ता मोडलेला आणि पितळी तारेने आवळून बांधलेला. थोडक्यात, चालणारी नळी एकच.

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बारानंतर नळीच्या तोंडातून पुन्हा दारू आणि छर्रे ठासावे लागतात. पहिला बार फुकट गेला की दुसरा भरेपर्यंत समोर काही उरत नाही. त्यात दारू-छर्रे विकत घ्यायला घरात पैसे नाहीत. त्यामुळे या पोराला एक सवय लागली. जमेल तितकं जवळ जायचं आणि खात्री असेल तरच बार काढायचा.

पुढे शाळेच्या कॅडेट पथकात त्याला .४५० बोअरची मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. तीही एकबारी. एक काडतूस भरायचं, उडवायचं, मग दुसरं भरायचं. आयुष्यातला पहिला बिबट्या त्याने याच उसन्या रायफलने मारला. तेव्हा तो शाळकरी पोर होता.

शाळा संपल्यावर तो रेल्वेत लागला. मग बिहारमधल्या मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट घेऊन त्याने वीसेक वर्षं काढली. नरभक्षकांच्या मागे जाणं हे त्याचं पोटाचं काम कधीच नव्हतं. सरकारकडून किंवा गावकऱ्यांकडून बोलावणं आलं की सुट्टी काढून तो डोंगरात जायचा.

तीन काडतुसं आणि तहसीलदाराची बंदूक

चंपावतच्या वाघिणीसाठी २९८ गावकऱ्यांचा हाका घातला होता. कॉर्बेटकडे .५०० बोअरची दुनळी रायफल होती आणि काडतुसं फक्त तीन. दोन नळ्यांसाठी दोन, आणि एक अडीअडचणीला, असा त्याचा अंदाज होता.

वाघीण बाहेर आली. तिन्ही काडतुसं संपली आणि जखमी वाघीण अजून उभीच होती.

कॉर्बेट धावत चढावर गेला, तिथे उभ्या असलेल्या तहसीलदाराच्या हातातली बंदूक घेतली आणि परत आला. वाघीण एका खडकावर होती, अंतर २० फूट. बंदूक उचलून बघतो तर नळ्या आणि मागचा भाग यांच्यात जवळपास एक सेंटिमीटरची फट! बार काढला की पेटलेली दारू उलटी आपल्याच डोळ्यांत यायची भीती.

तरी त्याने बार काढला. नेम उघड्या जबड्याचा होता, गोळी लागली पुढच्या पंजाला. सुदैवाने आधीच्या गोळ्यांनीच वाघिणीचं काम झालं होतं. ती तिथेच गतप्राण झाली.

या प्रसंगात नेमबाजीपेक्षा एक गोष्ट जास्त ठळक दिसते. हत्यार ढिलं असेल तर चांगला नेमबाजही २० फुटांवर चुकतो. नवी दुर्बीण बसवण्याआधी नळी, सांधे, दस्ता आणि स्क्रू तपासायला जाणकार सांगतात, ते यासाठीच.

.२७५ रिग्बी : जिच्यावर दुर्बीण नव्हती

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने बनवलेली .२७५ बोअरची. दस्त्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख असलेली चांदीची पट्टी होती.

ही रायफल माउझर पद्धतीची, खटका मागे-पुढे करून काडतूस भरायची. वजनाला हलकी आणि धक्काही कमी. नेमासाठी मागे खाच आणि पुढे नळीच्या टोकावर माशी. खाचेत माशी बसवायची, माशी जनावरावर ठेवायची आणि चाप ओढायचा.

मग दुर्बीण का नाही? त्या काळी दुर्बिणी नव्हत्या असं नाही. पहिल्या महायुद्धात तर दोन्ही बाजूंचे नेमबाज दुर्बिणीच्या रायफली वापरत होते. पण कॉर्बेटचं काम वेगळं होतं आणि तिथे दुर्बिणीची अडचणच झाली असती. त्याची कारणं तीन.

पहिलं कारण अंतर. चारपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून १०० मीटरवरचा साधारण १० मीटर रुंदीचा भाग दिसतो. म्हणजे अडीच मीटरवर फक्त २५ सेंटिमीटर. वाघ इतक्या जवळ आला तर दुर्बिणीत दिसेल तो नुसता धूसर पिवळा ठिपका. ते पोट आहे, खांदा आहे की शेपटी, हे कळेपर्यंत खेळ संपलेला.

दुसरं कारण उजेड. जनावर बाहेर पडतं ते बहुतेकदा तिन्हीसांजेला. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाची रुंदी भागिले पट, इतका जाड उजेडाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. ४० मिलिमीटरचं भिंग आणि चारपट असेल तर १० मिलिमीटर, दहापट असेल तर फक्त ४. अंधारात माणसाची बाहुली फार तर ७ मिलिमीटरच्या आसपास उघडते. म्हणजे पट वाढवत नेले की चित्र मोठं होतं, पण काळवंडतं. त्यात भिंगावरचा उजेड परत उडून जाऊ नये म्हणून जो लेप देतात, त्याचं तंत्र जर्मनीच्या झाइस कंपनीत १९३५ साली निघालं. त्याआधीच्या दुर्बिणीत प्रत्येक भिंगावर थोडा थोडा उजेड वाया जायचा.

तिसरं कारण धक्का आणि हवामान. दुर्बिणीत बघताना डोळा तिच्यापासून ठरावीक अंतरावर लागतो. जड रायफलीचा धक्का बसला आणि डोळा जास्त जवळ असला, तर दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. शिवाय धुकं आणि पाऊस हे तर हिमालयातलं रोजचंच.

म्हणून आजही जिथे परवान्याने शिकार चालते, तिथे दाट झाडीत धोकादायक जनावरामागे जाणारे लोक दहा-वीस पटींची दुर्बीण लावत नाहीत. एकपटापासून सुरू होणारी, दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरता येईल अशी दुर्बीण निवडतात किंवा सरळ उघड्या माशीवर भागवतात. मोकळ्या डोंगरावर तीनशे मीटरवरचं जनावर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दुर्बिणीमुळे नेमका नेम लागतो आणि जनावर जखमी होऊन निसटायची शक्यता कमी होते.

सांगायचा मुद्दा हा, की आधी अंतर आणि उजेड ठरतो, मग दुर्बीण.

अंधारात माशी दिसत नाही, तेव्हा

उघड्या माशीची एक मोठी उणीव आहे. रात्री ती दिसतच नाही. कॉर्बेटची खरी झुंज होती ती या उणिवेशी.

१९१० मध्ये पनारच्या बिबट्याला मारताना त्याने रायफल बाजूला ठेवून छर्ऱ्यांची बंदूक घेतली. या बिबट्याने ४०० माणसं मारल्याची नोंद होती. आमिषाला पांढरी बकरी बांधली, कारण अंधारात पांढरं तेवढं अंधुक दिसतं. बिबट्या मात्र दिसला नाही. बकरीच्या अंदाजाने काढलेल्या बाराने तो जखमी झाला.

मग गावकऱ्यांना मशाली घेऊन मागे उभं करत कॉर्बेट त्याच्यामागे गेला. बिबट्या अंगावर आला तशी सगळी मंडळी पळाली. धावपळीत काहींच्या हातातल्या मशाली खाली पडल्या आणि त्या पडलेल्या मशालींच्या उजेडात कॉर्बेटने शेवटचा बार काढला.

रुद्रप्रयागचा बिबट्या तर आणखी चिवट. १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षं केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर त्याची दहशत होती. सरकारी नोंदीत १२५ बळी आहेत. संध्याकाळ झाली की गावोगावी दारं बंद व्हायची.

त्याच्यासाठी विष झालं, सापळा झाला. कॉर्बेटने दोन बंदुका खुंटांना बांधून त्यांच्या चापांना मासेमारीचा दोरा जोडण्याचाही प्रयोग केला. बिबट्याचा धक्का दोऱ्याला लागला की बार उडावा, अशी रचना. तरी तो फसला नाही. अलकनंदेवरच्या पुलाच्या बुरुजावर कॉर्बेट २० रात्री बसला, तेव्हाही तो आला नाही.

शेवटी १९२६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, गोलाबराईच्या एका आंब्याच्या झाडावर तो बसला होता. खाली बकरी, तिच्या गळ्यात घंटा. रायफलवर विजेची बॅटरी बांधलेली.

रात्री काहीतरी धावत आलं आणि घंटा वाजली. कॉर्बेटने बटण दाबलं. उजेडात माशी नेमकी बिबट्याच्या खांद्यावर आलेली दिसली. रायफल जराही न हलवता त्याने चाप ओढला आणि त्याच क्षणी बॅटरी विझली.

बिबट्या मेला की निसटला, हे कळायला मार्ग नव्हता. उरलेली रात्र तशीच झाडावर काढावी लागली. उजाडल्यावर कळलं, आठ वर्षांची दहशत थोड्याच अंतरावर मरून पडली होती.

म्हणजे कॉर्बेटने रायफलमध्ये सुधारणा केलीच नाही असं नाही. त्याने गरजेची तेवढी केली. त्याला पटींची गरज नव्हती. क्षणभर माशी दिसण्याची होती.

आता चापाची गोष्ट

चाप हलका करून घेण्यामागचं कारण साधं आहे. चाप जड किंवा अडकत चालणारा असेल तर बोटाच्या जोरासोबत रायफलही हलते आणि नेम सरकतो. म्हणून बंदूक दुरुस्त करणारे कारागीर चापाच्या आतले घासणारे भाग गुळगुळीत करतात, स्प्रिंग बदलतात किंवा आख्खा चापच नवा बसवतात.

माउझर पद्धतीच्या मूळ चापात दोन टप्पे असतात. आधी थोडं सैल ओढणं, मग एक अटकाव. अटकावाला बोट टेकलं की नेम पक्का करायचा आणि मग दाबायचं. लष्करासाठी बनलेल्या या रचनेत घाईत चुकून बार उडण्याचा धोका कमी असतो.

याच्या उलट केसाच्या धक्क्याने सुटणारा चाप. निशाणाच्या स्पर्धेत टेबलावर रायफल ठेवून बसलेल्याला तो सोयीचा. पण काट्याकुट्यातून सरपटताना, झाडावर चढताना, थंडीने बोटं बधिर झालेली असताना किंवा सोबत गावकरी असताना तोच चाप जीव घेऊ शकतो. म्हणून शिकारीच्या रायफलीचा चाप साधारण दीड ते दोन किलोच्या ओढीचा ठेवतात. तो अगदी हलका असण्यापेक्षा दरवेळी एकाच जागी, अडखळल्याशिवाय सुटणं जास्त महत्त्वाचं. काम झाल्यावर रिकाम्या रायफलीचा दस्ता आपटून, खटका जोरात बंद करून चाप आपोआप सुटत नाही ना, हे तपासलं जातं.

चापाचं महत्त्व काय, हे ११ एप्रिल १९३० ला चौगढच्या वाघिणीने दाखवलं. तिच्या नावावर ६४ बळी होते.

कॉर्बेट तिच्या मागावर निघाला असताना वाटेत त्याला एका रातव्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांची अंडी जमवायचा त्याला नाद होता. ती डाव्या हातात घेऊन, उजव्या हातात .२७५ रिग्बी धरून तो एका मोठ्या खडकाला वळसा घालून उतरला. मान वळवून बघतो तर आठ फुटांवर वाघीण, झेपेच्या तयारीत!

अंडी हातात असल्यामुळे झटकन हालचाल करणं शक्य नव्हतं. त्याने एका हाताने रायफल अगदी हळूहळू, जवळपास पाऊण वर्तुळात फिरवली. दस्ता खांद्याला लावताच आला नाही. नळी तिच्याकडे वळली तेव्हा त्याने चाप ओढला. वाघीण बसल्या जागी कोसळली.

बार सुटल्यानंतरही क्षणभर काहीच घडलं नाही असं त्याला वाटलं. स्वप्नात चाप ओढतच राहावा आणि बंदूक उडूच नये, तसं.

या प्रसंगात तीन गोष्टी जुळून आल्या. अंड्यांमुळे हालचाल संथ राहिली. रायफल एका हाताने फिरवण्याइतकी हलकी होती. आणि चाप असा होता की एका हाताच्या बोटाने, विचित्र कोनातूनही वेळेवर सुटला. त्याची .४५०/४०० बोअरची जड दुनळी रायफल असती तर हे जमलं नसतं, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवलं.

अंडी? ती त्याने परत नेऊन घरट्यात ठेवली.

जड दुनळीचं काम वेगळं होतं. तिच्या दोन नळ्यांना दोन स्वतंत्र चाप. एक बिघडला तरी दुसरा हाताशी. ३० नोव्हेंबर १९३८ ला ठाकच्या वाघिणीला मारताना कॉर्बेट ६३ वर्षांचा होता. उजेड संपत आलेला. वाघाचा आवाज काढून त्याने तिला जवळ बोलावलं. पहिली गोळी वर्मी लागली आणि दुसरी जवळपास नकळत सुटली. धक्क्याने तो खडकाच्या कडेवरून मागे कोसळला. इतका अनुभवी माणूस, तरी ऐन वेळी बोट मेंदूच्या परवानगीची वाट बघत नाही. अतिहलक्या चापाची भीती यासाठीच बाळगायची.

रायफलीनंतर कॅमेरा

तोवर कॉर्बेटचा कल बदलला होता. हौसेखातर वाघ मारणं त्याला नकोसं झालं आणि तो जंगलात कॅमेरा घेऊन जायला लागला. १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं, त्यामागे त्याचाही हात होता. तेव्हाचं हेली पार्क म्हणजे आजचं कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान. १९४४ मध्ये कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं त्याचं पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. मराठीतही त्याच्या पुस्तकांचे अनुवाद झाले.

१९४७ च्या शेवटी तो बहिणीसोबत केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ ला तिथेच वारला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीवर बंदी आली. ती .२७५ रायफल फिरत फिरत पुन्हा रिग्बी कंपनीकडेच पोहोचली आहे. तिच्यावर आजही साधी खाच आणि माशीच आहे.

कॉर्बेटने मारलेल्या अनेक नरभक्षकांच्या अंगावर जुन्या जखमा सापडल्या. मुक्तेश्वरच्या वाघिणीला साळिंदराच्या काट्यांनी अधू केलं होतं. पण चंपावतच्या वाघिणीला अधू केलं ते एका माणसाने. त्याच्या हातात कोणती बंदूक होती आणि तो किती लांबून नेम धरत होता, हे कुणालाच माहीत नाही. तो त्या दिवशी घरी परतला असेल, आणि त्याच्या त्या एका गोळीचा हिशोब पुढची कित्येक वर्षं गवत कापायला आणि लाकूडफाटा आणायला गेलेल्या बायकामाणसांनी चुकता केला.